नलूमावशीची झाडं, ओदिलचा डोंगर

नलूमावशी,

शनिवारी तुझी शोकसभा झाली. शिकागोजवळच्या आपल्या नेपरव्हिलमधल्या त्याच शाळेच्या कॅफेटेरियात, जिथे मंडळाचा गणपती बसतो. टेक्सासमधल्या प्लेनोहून तुझा भाचा मंदार आला होता, त्यानेच सगळं जमवलं. स्टेजवर तुझा काचघरातला फोटो ठेवला होता. चष्मा डोक्यावर, हाताला माती, मागे ते झाड. एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. मंडळाचे एक काका म्हणाले, "नलिनीताईंनी अख्खी एक प्रजाती वाचवली. आपल्या एका मराठी बाईने!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हे आपण इथे येऊन विसरलोय.

मंदार माझ्याकडे आला. सुजाताताई, तुम्ही बोला ना दोन शब्द, तुम्ही तिच्या सगळ्यात जवळच्या. मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. माइक हातात आला असता तर मी खरं बोलले असते, आणि ते चहा घेऊन बसलेल्या त्या भल्या माणसांनी का ऐकावं? ते तुला ऐकवायचं होतं. तू असताना निम्मं ऐकवलं, निम्मं राहिलं.

मी या गावात आले तेव्हा इरा अंगावर पीत होती. निखिल सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचा, आणि मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरी करायला बंदी, गाडी येत नाही, बाहेर गुडघाभर बर्फ. पुण्यात मी टीम सांभाळत होते. इथे मी खिडकीत उभी राहून समोरच्याचं ड्राइव्हवे साफ करणं बघायचे. त्या वर्षी गणपतीच्या आरतीनंतर तू माझ्यापाशी येऊन उभी राहिलीस आणि नाव-गाव न विचारता म्हणालीस, "काहून गं, अशी परक्याच्या घरी आल्यासारखी बसलीस? मातीत हात घालायची सवय आहे का तुला?"

मी म्हटलं, पुण्याला बाल्कनीत चार कुंड्या होत्या.

"होत्या म्हणजे? मेल्या का?"

"नाही, मी इकडे आले. सासूबाई पाणी घालतात."

"मग मेल्याच," तू म्हणालीस. मी कितीतरी दिवसांनी हसले.

पुढच्या आठवड्यात तू मला गाडीत घालून तू काम करायचीस त्या बोटॅनिकल गार्डनमध्ये नेलंस. पगार नाही, व्हॉलंटियर म्हणून. इराचा स्ट्रोलर कुंड्यांच्या रांगेत उभा करायचा आणि काम करायचं. काचघराचं दार उघडलं आणि बाहेरच्या त्या करड्या थंडीतून एकदम ओल्या मातीचा वास आला. मी तिथेच रडले. तू माझ्याकडे पाठ करून नळाचा पाइप गुंडाळत राहिलीस, माझं आवरेपर्यंत.

मग तू मला तुझी झाडं दाखवलीस. फांद्या दोरखंडासारख्या, त्यावर खवल्यांसारखी एकावर एक बसलेली टोकदार हिरवी पानं. मी म्हटलं, असलं ख्रिसमस ट्री आमच्या कॉलेजच्या आवारात होतं. तू म्हणालीस, तो याचा चुलतभाऊ. तो जगभर फिरला, बंगल्याबंगल्यात जाऊन उभा राहिला. याने घर सोडलं नाही. दक्षिण पॅसिफिकमध्ये न्यू कॅलेडोनिया नावाचं बेट आहे, तिथल्याही मोजक्याच डोंगरांवर हे झाड येतं. ती माती लाल, निकेलने भरलेली, जिथे दुसरं काही धड जगत नाही. तिथे ते शेकडो वर्षं सावकाश वाढतं. आणि त्याच निकेलसाठी ते डोंगर खणले जातायत. याचं बी डब्यात भरून ठेवलं तर काही आठवड्यांत मरतं, म्हणून जिवंत झाडंच सांभाळावी लागतात. हे सगळं तू एखाद्या नातेवाइकाचं दुखणं सांगावं तसं सांगितलंस.

शोकसभेत सगळ्यांनी बॉयलरची गोष्ट सांगितली. तीच आवडते सगळ्यांना, आणि मलाही. त्या जानेवारीत काचघराचा बॉयलर बंद पडला. दुपारची वेळ, बाहेर शून्याच्या खूप खाली. दुरुस्तीवाला म्हणाला, पार्ट यायला वेळ लागेल. तुझे गोरे सहकारी फोनवर फोन करत होते. तू मला म्हणालीस, मंडळाच्या ग्रुपवर टाक. काय टाकू? "टाक, की झाडांना थंडी वाजतेय, ज्यांच्याकडे मोठी गाडी आहे त्यांनी हीटर फुल्ल करून या."

आणि लोक आले गं. मीटिंगमधून उठून आले. एकाच्या मागे एक मिनीव्हॅन, मागच्या सीट काढलेल्या, आत भट्टीसारखं गरम. जगातली इतकी दुर्मिळ झाडं त्या संध्याकाळपर्यंत नेपरव्हिलच्या बेसमेंटांमध्ये, पिंगपाँगच्या टेबलांशेजारी आणि देव्हाऱ्यांसमोर जाऊन बसली. देशपांडे काकूंनी त्यांच्याकडच्या झाडाला हळदीकुंकू लावलं. एका घरी सांगलीहून आलेल्या आजींनी मायेने इतकं पाणी घातलं, की मुळं कुजून ते रोप गेलं. आजी घाबरून खोलीबाहेर येईनात. तू त्यांच्याकडे गेलीस, त्यांच्या पलंगावर बसलीस आणि म्हणालीस, आजी, माझ्या हातून याहून जास्त मेलीत. मग त्यांच्या हातचा चहा पिऊन आलीस. मला वाटायचं, असं माणूस असावं. माझी आई पुण्यात होती, तू इथे होतीस. माझं नोकरीचं परमिट आलं, मी पुन्हा कामाला लागले, तरी शनिवार तुझा आणि झाडांचाच राहिला.

आणि मग तू मला बेटावर नेलंस. निखिलने सुट्टी काढून इराला सांभाळलं. तुला बिया आणायच्या होत्या, रीतसर परवानगीने, आणि तुला कुणीतरी हाताखाली हवं होतं. बेटाची राजधानी नुमेआ, तिथून जीपने दक्षिणेला गेलो. रस्ता लाल, ओढे लाल, माझे पांढरे बूट पहिल्याच तासात लाल झाले. गावात ओदिल भेटली, तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. डोंगर तिच्या कुळाचा. तिने आधी आपल्याला तिच्या मामांकडे नेलं, तिथल्या रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे कापड ठेवून परवानगी मागायला लावली, आणि मगच वर घेऊन गेली. वर चढताना ती सारखी बोलत होती, शाळेतल्या मुलांच्या खोड्या, तिच्या भावाचं खाणीतलं काम, नवऱ्याचं घोरणं.

वर पोचलो आणि ती गप्प झाली. समोर उतारावर ती झाडं होती. खाली निळा समुद्र आणि वर ती काळपट हिरवी, हात पसरून उभी. काचघरात मी ज्यांना पाणी घालत होते ती यांच्यापुढे पाळण्यातली बाळं होती. शेजारच्या डोंगराला खाणीने पायऱ्या पाडल्या होत्या. माझं लक्ष सारखं तिकडे जात होतं. तू मात्र झाडांकडेच बघत होतीस.

खाली आल्यावर मामांनी तुला फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. तू बराच वेळ विचार करून उत्तर दिलंस. मामांनी मान हलवली आणि बियांची पिशवी तुझ्या हातात दिली. जीपमध्ये मी विचारलं, काय म्हणाले ते? तू म्हणालीस, "त्यांनी विचारलं, तुम्ही झाडं तिकडे नेली की इथली तोडायला लोक मोकळे होतील का? मी म्हटलं, नाही. हे बी तुमच्या झाडांच्या ऐवजी नाही. त्यांच्या सोबत आहे."

मला ते इतकं आवडलं होतं, की मी ते घरी येऊन निखिलला सांगितलं, आईला फोनवर सांगितलं, इरा मोठी झाल्यावर तिला सांगितलं.

म्हणूनच पुढचं इतकं लागलं, मावशी.

काही वर्षांनी त्या खाणीच्या कंपनीला आपली खाण पुढे वाढवायची होती. पुढे म्हणजे ओदिलच्या डोंगरावर. त्यांनी तुला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. तू मला सांगितलंस की नुसता सल्ला द्यायचाय, झाडं कुठे आहेत ते दाखवायचंय. मी तुला ओहेअर विमानतळावर सोडलं. गाडीत तू रेडिओ लावायला सांगितलास, एरवी तुला गाडीत रेडिओ नको असायचा.

तू परत यायच्या आधी ओदिलचा फोन आला. ती ओरडली नाही. ती म्हणाली, आज आमच्याकडे जनसुनावणी होती. गावच्या हॉलमध्ये. तुझी नलिनी उभी राहिली आणि म्हणाली, ही जात आता सुरक्षित आहे, शिकागोत वाढते आहे, या उतारावरची झाडं गेली तरी जात नष्ट होणार नाही. मामा पहिल्या रांगेत बसले होते. ते उठून बाहेर गेले. मग ओदिलने मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. पण तिला हे सांगताना माझा आवाज खोट्या माणसासारखा निघाला. शिकागोत वाढते आहे, म्हणजे माझ्या हाताखाली वाढते आहे. बेसमेंटमध्ये, देव्हाऱ्यापुढे, लोकांनी मीटिंग सोडून येऊन जी जगवली, तीच झाडं तू तिथे पुरावा म्हणून उभी केलीस. आमची सगळ्यांची माया तू त्या कंपनीच्या टेबलावर नेऊन ठेवलीस, आणि आम्हाला विचारलंही नाहीस.

तू आलीस त्या रविवारी मी तुझ्या घरी आले. तू पाटोडीचा रस्सा करत होतीस, नागपूरचा, नाकातून पाणी काढणारा. मला बघून तू गॅस बारीक केलास. तुला कळलं होतं.

तू सगळं समजावून सांगितलंस, शांतपणे. कंपनी खणणारच होती. परवानगी अडली असती, लांबली असती, पण मिळालीच असती. तू त्यांच्याकडून माथ्यावरचा पट्टा सोडवून घेतलास, तिथली झाडं राहतील. गावात रोपवाटिका करायचं कबूल करवून घेतलंस. नाही म्हणून बाहेर पडणं सोपं होतं, तू म्हणालीस, मग एकही झाड राहिलं नसतं. सगळं जाण्यापेक्षा थोडं राहिलेलं बरं.

मग म्हणालीस, "बाहेर उभ्या असलेल्या तुझ्या नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत काय आहे, सुजाता? निकेल तुला हवंय, मला हवंय, या सगळ्या गल्लीला हवंय. मग डोंगर कुणीतरी देणारच."

ते खरं होतं. आजही आहे. पण मी त्याबद्दल भांडायला आलेच नव्हते. मी म्हटलं, "तू ओदिलला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती."

"म्हणूनच सांगायचं होतं ना, मावशी."

तू रश्शात पळी फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, जेवून जा. मी जेवले नाही. तुझ्या घरून न जेवता निघायची ती पहिली वेळ.

त्यानंतर मी काचघरात आले नाही. मंडळात भेटलो की तू "कशी आहेस" विचारायचीस, मी "मजेत" म्हणायचे. लोकांना वाटलं मी नोकरीत बिझी आहे. तिकडे डोंगर कापला गेला. ओदिल मला फोटो पाठवायची, मी ते इराला दाखवायचे, तुला कधी पाठवले नाहीत. तू सोडवून घेतलेला माथ्यावरचा पट्टा राहिला, हे खरं. पण खालचं रान गेल्यावर त्यावर वारा आणि खाणीची लाल धूळ थेट येऊ लागली, आणि कडेची झाडं टोकाकडून तपकिरी होऊ लागली. रोपवाटिकेचं छप्पर उभं राहिलं. ती चालवायला नेमलेला माणूस काही महिन्यांत निघून गेला. मामा वारले. तू परत तिकडे गेली नाहीस. तुला बोलावलंही नसेल कुणी.

तुझं दुखणं मला इराने सांगितलं. ती कॉलेजमधून सुट्टीला आली की तुझ्याकडे जायची, मला न सांगता. एका संध्याकाळी ती किचनमध्ये येऊन म्हणाली, "आई, मावशी'ज रिअली सिक. शी वोन्ट कॉल यू. यू हॅव टू गो."

मी आले. दार उघडायला तुला वेळ लागला. तुझे गाल आत गेले होते. तू म्हणालीस, "आलीस? चपला आत घे, बाहेर ओल्या होतील." एवढंच. मग मी येतच राहिले. मी वरणभात करायचे, तुला चार घास जायचे. केमोला नेताना तू प्रत्येक नर्सला विचारायचीस की तुमच्या घरी कुठलं झाड आहे. आपण सगळ्यावर बोललो. तुझ्या आईवर, माझ्या व्हिसाच्या दिवसांवर, तू लग्न का केलं नाहीस त्यावरही. डोंगराचं नाव दोघींनी काढलं नाही. आणि खरं सांगू, त्या महिन्यांत मला पुन्हा बरं वाटत होतं. तुझ्या डोक्याला रुमाल बांधताना मला वाटायचं, आता हिने एकदा म्हणावं, चुकलं. मी लगेच सोडून दिलं असतं. माझी तयारी झाली होती.

शेवटी शेवटी तुला काचघरात जायचं होतं. इराने आणि मी तुला व्हीलचेअरमधून नेलं. सगळ्यात मोठ्या झाडाशेजारी आता एक पाटी आहे, येणाऱ्या लोकांसाठी. त्यावर लिहिलंय की हे झाड निसर्गात जवळपास संपलं आहे, इथे मात्र सुरक्षित आहे. एक बाई तिच्या मुलीला ते वाचून दाखवत होती. तू ऐकत होतीस. त्या गेल्यावर तू फांदीला हात लावलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मी परत तेच केलं असतं, सुजाता."

माझ्या हातात तुझा पाण्याचा ग्लास होता. मी तुला पाणी पाजलं, तोंड पुसलं.  इरा माझ्याकडे बघत होती. मला तुला तिथेच सोडून निघून जावंसं वाटलं, आणि मी व्हीलचेअर ढकलत तुला उन्हाकडे नेलं, कारण तुझे हात गार पडले होते. मावशी, तू खोटं बोलून मला समाधान द्यायला हवं होतंस, असं मी म्हणत नाही. तुला खोटं कधी जमलंच नाही. म्हणूनच ओहेअरच्या रस्त्यावर रेडिओ लावावा लागला तुला. पण तुझं ते खरेपण मला त्या दिवशी तुझ्या सगळ्या वागण्याहून जास्त लागलं. तुला पश्चात्ताप नव्हता. म्हणजे मामांपुढे बोललेला शब्द तुला कधी तुटल्यासारखा वाटलाच नाही. की वाटला होता, आणि तोडायचं ठरवूनच तू तो तोडलास? हे मी तुला विचारणार होते. उद्या विचारू, बरी असेल तेव्हा विचारू, असं करता करता तू गेलीस.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, ओदिलला फोन लावला. तिला कुणीतरी कळवायला हवं होतं. तिकडे सोमवारची सकाळ होती, मागे कोंबडे आणि मुलांचा गलका ऐकू येत होता. मी सांगितलं, नलिनी गेली. ती म्हणाली, हं. त्रास झाला का तिला? मी म्हटलं, झाला. ती पुन्हा हं म्हणाली. तिने बरं झालं म्हटलं नाही, वाईट झालं असंही म्हटलं नाही. तुमच्याकडे जाळतात ना, तिने विचारलं. मी हो म्हटलं.

मला वाटलं ती आता फोन ठेवेल. ती म्हणाली, जरा थांब, मुलांना वर्गात बसवून येते. परत आली तेव्हा तिचा आवाज कामाचा झाला होता. माथ्यावरच्या पट्ट्यात या वर्षी बी धरलंय, ती म्हणाली. शाळेतली मुलं आणि ती ते गोळा करतायत. त्या पडीक रोपवाटिकेचं कुलूप तिने तोडलंय. पण मागच्या वेळी पेरलेलं सगळं कुजलं, एकही रुजलं नाही. ती अडखळली. मग विचारलं, "तुम्ही तिकडे कसं करत होता?"

मी गॅलरीत जाऊन बसले आणि सांगायला लागले. बी खोल पुरायचं नाही, आडवं ठेवून अर्धंच दाबायचं. मिळाल्या आठवड्यातच पेरायचं, वाट बघायची नाही. मोठ्या झाडाखालची मूठभर माती कुंडीत मिसळायची, त्यात त्याच्या मुळांना लागणारी बुरशी असते. पाणी बोटाने माती बघून. सोटमुळाला धक्का लावायचा नाही, म्हणून उंच कुंडी. मी बोलत होते आणि मला माझ्याच तोंडून तुझा आवाज ऐकू येत होता, तुझे शब्द, तुझं "घाई करायची नाही, त्याला नाही ना घाई". मला ते थांबवता येईना आणि सहनही होईना.

ओदिल लिहून घेत होती. मध्येच ती थांबली. "हे सगळं तिनेच शिकवलं ना तुला?"

मी म्हटलं, हो. तिनेच.

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग ओदिल म्हणाली, "बरं. पुढचं सांग."